पायमध्ये (π = ३.१४१५९…) तुमचा मोबाईल नंबर आहेच, हे सिद्ध झालेलं नाही

‘पायचे दशांश संपत नाहीत, त्यांची ठरावीक पुनरावृत्तीही होत नाही, म्हणजे तुमची जन्मतारीख, मोबाईल नंबर, सगळं त्यात आहेच.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पहिला भाग खरा आहे. पाय अपरिमेय आहे, म्हणजे दोन पूर्णांकांच्या भागाकारात मांडता येत नाही (अशाच संख्यांचे दशांश न संपणारे आणि आवर्ती नसलेले असतात), हे गणितज्ञ लाम्बर्टने अठराव्या शतकातच सिद्ध केलं. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

०.१०१००१०००१००००१… ही संख्या पाहा. दर वेळी १ नंतर एक शून्य वाढत जातं. तीही न संपणारी, आवर्ती नसलेली. पण तिच्यात २ औषधालाही सापडणार नाही, मग मोबाईल नंबर कुठला!

मूळ संख्या (२, ३, ५, ७, ११…) ओळीने लिहून बनणाऱ्या ०.२३५७१११३१७१९… मध्ये मात्र प्रत्येक अंकसमूह येतोच. कोपलँड आणि एर्डिश या गणितज्ञांनी १९४६ मध्ये दाखवलेल्या सिद्धतेतून ते कळतं. पायमध्ये ७ हा अंक अनंत वेळा येतो का, एवढंही अजून कोणाला सिद्ध करता आलेलं नाही. संगणकाने काढलेल्या अब्जावधी स्थानांत दहाही अंक जवळपास सारख्याच प्रमाणात दिसतात, म्हणून पायमध्ये प्रत्येक अंकसमूह येतो हा दावा बहुतेक गणितज्ञांना खरा वाटतो. मलाही वाटतो. पण कितीही स्थानं मोजली तरी पुढे अनंत उरतातच. २ च्या वर्गमूळाचीही हीच गत आहे.