प्लाझ्मा टॉर्चने प्लास्टिकचा गॅस : ही आयडिया आली कुठून?

प्लास्टिक कचरा टाका आणि गॅस मिळवा असं सांगणारं प्लाझ्मा टॉर्चचं (विजेने प्रचंड तापवलेल्या गॅसची ज्योत काढणाऱ्या यंत्राचं) तंत्रज्ञान ऐकलं की वाटतं हे कालपरवाच निघालं असेल, पण टॉर्चची मुळं शंभर वर्षांहून जुनी आहेत आणि कचऱ्याशी त्याचा आधी काही संबंधच नव्हता. 1903 च्या सुमाराला नॉर्वेत शास्त्रज्ञ बर्कलंड आणि इंजिनिअर आयडे यांनी इलेक्ट्रिक आर्कमधून, म्हणजे दोन टोकांमध्ये सतत पेटत्या ठेवलेल्या विजेच्या ठिणगीतून, हवा सोडून नायट्रोजनचं खत बनवायची पद्धत काढली. मग 1960 च्या दशकात नासाला अंतराळयान परत येताना किती तापेल याच्या टेस्ट करायच्या होत्या, त्यासाठी वेस्टिंगहाऊस कंपनीने असे टॉर्च बनवले. पाण्याने थंड ठेवलेले दोन इलेक्ट्रोड, मधे आर्क, त्यातून जोरात हवा फुंकायची की 5000 डिग्रीच्या वरची ज्योत बाहेर पडते. 1989 मध्ये अमेरिकेत डिफायन्स गावी जनरल मोटर्सच्या फाउंड्रीत हेच टॉर्च लोखंडाचं भंगार वितळवायला लावले, आणि कचऱ्याची भट्टी निघाली ती याच भट्टीवरून.

प्लास्टिक यात बसतं कारण पॉलिथिन म्हणजे नुसता कार्बन आणि हायड्रोजन, किलोमागे उष्णता जवळपास डिझेलएवढी. ऑक्सिजन कमी ठेवून, वाफ देऊन तापवलं की ते जळत नाही, तुटतं, आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजनचा सिनगॅस, म्हणजे इंधन म्हणून वापरता येणारा गॅस, मिळतो. पीव्हीसी आलं की मात्र क्लोरीन येतो आणि गॅस हळूहळू थंड झाला तर डायऑक्सिन हे अतिशय विषारी रसायन परत तयार होऊ शकतं, म्हणून तो झटक्यात थंड करून धुवावा लागतो. खर्चाचा मोठा भाग इथेच जातो, टॉर्चचं नाव सगळे घेतात पण गॅस साफ करण्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

मला यात जपानच्या उटाशिनाईची गोष्ट सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. होक्काइडोमधला हा प्लांट 2003 च्या आसपास सुरू झाला, जुन्या गाड्या श्रेड केल्यावर उरणारा प्लास्टिक, फोम, रबराचा चुरा आणि गावचा कचरा यासाठी. भट्टी चालली, पण तो चुरा हवा तेवढा येईना, आणि कमी मालावर एवढी मोठी भट्टी तापती ठेवणं परवडत नाही, शेवटी 2013 ला बंद. इंग्लंडमध्ये टीस व्हॅलीत एअर प्रॉडक्ट्स कंपनीने प्रत्येकी वर्षाला साडेतीन लाख टन कचऱ्याचे दोन प्लांट उभारायला घेतले आणि 2016 मध्ये हात वर केले, तोटा 100 कोटी डॉलरच्या घरात.

असे प्लांट टिकतात कुठे तर जिथे कचरा ठेवणंच महाग किंवा धोक्याचं आहे तिथे. आपल्याकडे पुण्याजवळ रांजणगावला इंडस्ट्रीच्या घातक कचऱ्यासाठी दिवसाला 72 टनांचा प्लाझ्मा प्लांट उभा राहिला, गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने हॉस्पिटलच्या कचऱ्यासाठी छोट्या मशीन केल्या. अमेरिकन नौदलाच्या जेराल्ड फोर्ड जहाजावर तर कॅनडाच्या पायरोजेनेसिस कंपनीची प्लाझ्मा सिस्टिम आहे, आणि तिथे गॅस विकायचा विषयच नाही, समुद्रात हजारो माणसांचा कचरा साठवायला जागा नाही एवढंच कारण पुरेसं आहे.