मेल उघडला की जुना कॉम्प्युटर अडकतो? आधी हे करून बघा

मेल प्रोग्रॅम चालू केला की माउस हलतो पण क्लिक लागत नाही, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं आणि बाकीचं सगळं पण ठप्प होतं, ही तक्रार आमच्याकडे सारखी येते आणि बहुतेक जण सोबत हेही म्हणतात की मशीन जुनं झालंय, आता नवीनच घ्यावं लागणार. प्लीज लगेच तसं ठरवू नका. बऱ्याचदा मशीन ठीक असतं, मेलची फाइल फुगलेली असते.

एक कळकळीची विनंती, अडकलं की पॉवर बटण दाबून बंद करू नका. त्या क्षणी प्रोग्रॅम फाइलमधे काही लिहीत असेल तर फाइलच खराब होते आणि मग साध्या अडचणीचं मोठं दुखणं होऊन बसतं. त्याऐवजी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. डिस्कच्या रकान्यात 100% दिसत असेल तर काम चालू आहे, दहा-पंधरा मिनिटं थांबा. मेमरी भरलेली दिसली तर ब्राउजर बंद करा, 4 जीबी रॅमवर ब्राउजर आणि मेल दोन्ही एकदम चालवणं जडच जातं.

आता फाइलचं. क्लासिक आउटलुक एका अकाउंटचे सगळे मेल एकाच फाइलमधे (पीएसटी किंवा ओएसटी) ठेवतं आणि थंडरबर्ड साधारणपणे एका फोल्डरची एक फाइल करतं, म्हणजे इनबॉक्समधे वर्षानुवर्षांचे मेल तसेच असतील तर तेवढी एकच फाइल कित्येक जीबीची होते. त्यात अटॅचमेंट मेलमधून जाताना साधारण एक तृतीयांशने वाढते, 15 एमबीचे फोटो 20 एमबी जागा खातात. आणि हे खूप जणांना माहीतच नसतं, मेल डिलीट करून ट्रॅश रिकामा केला तरी फाइल लगेच लहान होत नाही!! त्यासाठी कॉम्पॅक्ट करावं लागतं, म्हणजे फाइलमधली रिकामी झालेली जागा काढून टाकावी लागते. थंडरबर्डमधे फाइल मेनूत 'कॉम्पॅक्ट फोल्डर्स' आहे, आउटलुकमधे अकाउंट सेटिंग्जच्या डेटा फाइल्समधे जाऊन आपली फाइल निवडा, सेटिंग्ज उघडा, तिथे 'कॉम्पॅक्ट नाऊ' मिळेल. डिस्कवर मोकळी जागा हवी, आणि रात्री लावून ठेवलेलं बरं कारण वेळ लागतो.

पण त्याआधी प्रोग्रॅम बंद करून मेलचं आख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. तुमचं अकाउंट पॉपवर (मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याची पद्धत) असेल तर मेल बहुधा फक्त तुमच्याच कॉम्प्युटरवर असतात, गेले की गेले, आम्हालाही परत आणून देता येतीलच असं नाही. पेनड्राइव्हचा फॉरमॅट फॅट 32 असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, तेवढं बघून घ्या.

प्रोग्रॅम उघडतच नसेल तर आउटलुक कंट्रोल दाबून ठेवून आणि थंडरबर्ड शिफ्ट दाबून ठेवून चालू करा, अॅड-ऑन (वरून जोडलेल्या जादाच्या सोयी) बंद ठेवून उघडतं. तसं नीट चाललं तर दोष अॅड-ऑनचा, एकेक करून चालू करा म्हणजे नेमकं कोण ते सापडेल. थंडरबर्ड सारखं घुटमळत असेल तर सेटिंग्जमधे ग्लोबल सर्च आणि इंडेक्सर (शोधण्यासाठी सगळ्या मेलची सूची बनवत बसणारी सोय) बंद करून बघा, जुन्या मशीनला त्याने चांगलाच फरक पडतो. अँटीव्हायरस पण कधी कधी त्या मोठ्या फाइलला सारखा तपासत बसतो, पण तो बंद नका करू, त्या सेटिंगसाठी आम्हाला फोन करा.

फाइल खराब झाल्याचा मेसेज आला तर आउटलुकसोबत स्कॅनपीएसटी नावाचं टूल येतं, तेही कॉपी काढल्यावरच चालवा.

हे सगळं करूनही अडकतंय आणि मशीनमधे जुनी फिरणारी हार्डडिस्क आहे तर एसएसडी (न फिरणारी, जास्त वेगवान डिस्क) टाकून घ्या, आमच्या मते पैसे घालायचेच तर आधी तिथे घाला. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र वरचं काहीही करत बसू नका, कॉम्प्युटर नेहमीसारखा शटडाउन करून तसाच आमच्याकडे आणा, आधी डेटा काढून घेऊ, मेलचं नंतर बघू.