सांगलीचा स्क्रॅबल क्लब नक्की कशावरून फुटला
सांगलीतला स्क्रॅबल (बोर्डवर अक्षरांच्या टाइल्स लावून इंग्रजी शब्द बनवायचा खेळ) क्लब पुरामुळे फुटला असं अजून सांगतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, गावभागातल्या बसायच्या जागेत पाणी शिरलं, बोर्ड फुगले, हे सगळं खरंय. पण बोर्ड काय, नवीन आणता येतात. भांडण त्याच्या आधीपासून धुमसत होतं, आणि ते चॅलेंजवरून, म्हणजे समोरच्याच्या शब्दावर शंका घेण्यावरून.

सुरुवातीचं फारसं सांगण्यासारखं नाही. रिटायर्ड मास्तर, दोन-तीन डॉक्टर, रविवारची संध्याकाळ, चहा आणि भडंग. लाकडी टाइल्सवर अक्षर कोरलेलं असायचं आणि ब्लँक, म्हणजे कुठलंही अक्षर म्हणून चालणारी कोरी टाइल, गुळगुळीत, त्यामुळे पिशवी डोळ्यांच्या वर धरली तरी बोटाला ब्लँक बरोब्बर कळायचा, आणि कुणाकुणाला तो फारच नेमानं लागायचा. ब्रिटिश पद्धतीच्या स्पर्धांना २००३ पर्यंत चेंबर्स डिक्शनरीचा आधार होता, मग कॉलिन्सची शब्दयादी आली. इथं ती उशिरा आणि रुसवेफुगवे होऊन आली. लाख, क्रोर, रोटी, धोती चालतात म्हटल्यावर नवीन पोरं खूश व्हायची, मग वाट्टेल ते मराठी लावून बघायची.

आता मूळ मुद्दा. समोरच्यानं लावलेला शब्द खोटा वाटला तर चॅलेंज करायचं, खोटा निघाला की त्याच्या टाइल्स परत आणि मार्क शून्य, इथपर्यंत सगळीकडं सारखंच. पण चॅलेंज चुकलं तर काय? फ्री पद्धतीत काहीच नाही. डबलमध्ये चॅलेंज करणाऱ्याची चाल जाते. आणि तिसरी पद्धत, ५ पॉइंटची, त्यात चाल राहते, फक्त समोरच्याला ५ जादा मिळतात. जुनी मंडळी डबलवाली. सातही टाइल्स लावल्या की ५० बोनस, मग चेहरा न हलवता सात अक्षरांचं फोनी, म्हणजे खोटा शब्द, ठेवून द्यायचं आणि समोरच्याला चाल जायच्या भीतीनं घाम फोडायचा, हीच त्यांची मजा (आणि हो, ती एक कला आहेच). नवीन माणूस मात्र क्यूआय (QI) हा दोन अक्षरी शब्द बघून हसत चॅलेंज करायचा, तो निघायचा खरा, आणि याची चाल गेली.

लॉकडाऊननंतर हे फारच वाढलं. घरी बसून मोबाइलवर शिकलेली पोरं आली, तिथं बहुतेक ठिकाणी खोटा शब्द मशीनच परत टाकतं, त्यामुळे समोर बसलेला माणूस मुद्दाम खोटं लावतो हे त्यांना चीटिंगच वाटलं. शब्द त्यांना जुन्यांपेक्षा कितीतरी जास्त पाठ, २५ मिनिटांच्या घड्याळाची सवय पण पक्की. त्यांनी ५ पॉइंट मागितले, जे मोठ्या आंतरराष्ट्रीय कॉलिन्स स्पर्धांत नॉर्मल आहे, अवाजवी काही नव्हतं. मतदान झालं, डबल टिकलं, पण त्या दिवशी मिरजेच्या मेडिकलच्या पोरांची परीक्षा होती आणि तारीख कुणी ठरवली ते सगळ्यांना माहितीये.

आता विश्रामबागला ५ पॉइंट आणि गावभागात डबल. एकत्र स्पर्धा घ्यायची म्हटली की आधी नियमाची मीटिंग लागते, मागच्या वेळी त्यातच दिवाळी उलटून गेली.