क्ष-किरणांत न दिसणारी मज्जारज्जूची इजा

मणका मोडलेला नाही, सांधा निखळलेला नाही, तरीही आतल्या मज्जारज्जूला (मेंदूपासून कण्यातून खाली जाणाऱ्या नसांच्या दोराला) मार बसून हातापायांतील ताकद किंवा संवेदना जाते, अशी दुखापत. पँग आणि विल्बर्गर या अमेरिकी डॉक्टरांनी १९८२ मध्ये लहान मुलांच्या संदर्भात तिला ‘स्किवोरा’ (SCIWORA, म्हणजे क्ष-किरणांत दोष न दिसणारी मज्जारज्जूची इजा) असे स्वतंत्र नाव दिले. एमआरआय तेव्हा रुळलेला नव्हता. आज त्यात ही इजा बहुधा दिसते, त्यामुळे ते नाव थोडे जुनेच झाले आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात एक्स-रेला ‘फोटो’ म्हणतात. ‘फोटोत काय नाही’ ऐकले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण फोटोत हाड दिसते, मज्जारज्जू आणि हाडांना जोडणारे अस्थिबंध दिसत नाहीत.

आठ वर्षांखालील मुलांना धोका अधिक. त्यांचे डोके अंगाच्या मानाने जड, मानेचे स्नायू कोवळे, अस्थिबंध सैल. नवजात अर्भकाचा पाठीचा कणा न तुटता सुमारे ५ सेंमी ताणला जातो. मज्जारज्जू ५-६ मिमीच्या ताणातच फाटतो. मणी पुन्हा जागेवर येतात, दोरा तेवढा तुटलेला असतो.

निमित्ते रोजचीच: उसाच्या ट्रॉलीवरून पडणे, विहिरीत सूर मारणे, दुचाकीचा अपघात. तालमीत डोक्यावर आपटलेले पोर उठते, माती झटकते, ‘दंडातनं करंट गेल्यागत झालं’ म्हणते आणि पुन्हा लढतीला उभे राहते. खरा इशारा तोच. काही मुलांत लुळेपणा अर्ध्या तासापासून चार दिवसांपर्यंत उशिरा येतो. अशा वेळी मान चोळून वा झटका देऊन ‘बसवणे’ जिवावर बेतू शकते.

उतारवयात मानेचे मणके झिजलेले असताना तोंडावर पडून मान मागे झुकली तरी हे घडते. मग पायांपेक्षा हात जास्त दुबळे होतात: माणूस चालतो, पण सदऱ्याची गुंडी लागत नाही.

रुग्णाला मान न हलवता, सपाट फळीवर आडवे ठेवूनच बेळगाव, मिरज किंवा कोल्हापूरला न्यावे. एमआरआयमध्ये नुसती सूज असेल तर सुधारणेची आशा बरी, रक्तस्राव असेल तर कमी. मुलांना मानेचा पट्टा बहुधा बारा आठवड्यांपर्यंत ठेवतात. मुंग्या थांबल्या की पोर पट्टा काढून मागते. तो काढायचा नाही, आणि आखाडाही तोवर बंद.