दुर्बिणीची खोड आणि सरळ रस्ता

नागपूर-मुंबई 'समृद्धी' महामार्गाची आखणी चालू होती तेव्हा आमच्याकडे धुऱ्यावर दुर्बिणीची तिपाई उभी असायची. ती बघून एका काकांनी विचारलं होतं, "काय बाप्पा, यातून मुंबई दिसते का?"

७०१ किलोमीटरचा रस्ता, प्रश्न रास्तच. पण मेच्या उन्हात काळ्या वावरातून वाफा उठतात आणि किलोमीटरभरावरचा लाल-पांढरा दांडाही पाण्यात बुडाल्यासारखा हलतो. म्हणून दुर्बिणीचं काम सकाळीच उरकायचं.

तिफण हाकणारा पलीकडच्या धुऱ्यावरचा निंब धरून चालतो. निंबाच्या पुढे काय? तिथे थिओडोलाइट लागतो, म्हणजे तिपाईवरचं कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र. मागच्या दांड्यावर नजर बसवायची, दुर्बीण आडव्या आसावर उलटायची, ती पुढे बघू लागते. तिथे खुंटी.

गंमत इथे आहे. दुर्बिणीची नजर त्या आसाशी काटकोनात हवी, पण ती तंतोतंत कधीच नसते. समजा, पुढे तोंड केल्यावर उजवीकडे असलेल्या आसाच्या टोकाशी कोन काटकोनाला १० सेकंद कमी आहे (सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). उलटल्यावरही त्याच टोकाशी तेवढाच कोन. दोन्ही मिळून १८० अंश भरत नाहीत, २० सेकंद कमी पडतात. किलोमीटरवर खुंटी जवळपास १० सेंटिमीटर उजवीकडे. पुढच्या मुक्कामी ही वाकलेली रेघ पुन्हा तेवढीच वाकते, म्हणून दर किलोमीटरला हुकणं वाढत जातं. असं दहा वेळा झालं, की सव्वापाच मीटर! रस्ता कोणाच्या तरी विहिरीत.

उपाय भारी आहे. दुर्बीण उलटीच ठेवून अख्खं यंत्र फिरवायचं, मागचा दांडा पुन्हा धरायचा आणि दुर्बीण परत उलटायची. आसाचं तेच टोक आता डावीकडे, म्हणून तूटही डावीकडे. दुसरी खुंटी ठोका. दोन्हींच्या बरोबर मधे खरी रेघ. खोड काढली नाही, तिलाच तिच्याविरुद्ध उभं केलं. तिपाईला लिंबू-मिरची बांधलेली मी पाहिली आहे. त्यानं हे २० सेकंद जात नाहीत.

हिंगणघाटला १८२३ मध्ये वारलेल्या लॅम्बटन या ब्रिटिश सर्वेक्षकानं अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट घेऊन त्रिकोणांच्या जाळ्यानं देश मोजायला घेतला होता. आता पक्के बिंदू उपग्रहांच्या मदतीनं बसवतात. प्रत्येक खुंटी त्या बिंदूंवरून स्वतंत्र ठरते, चूक साचत नाही.

"उपग्रहच रस्ता आखतो" हे मात्र व्हॉट्सॲपवरचं ज्ञान. अँटेना शेवटी दोन मीटरच्या दांड्यावर असते, दांडा पोराच्या हातात, आणि पोराचे डोळे पाणसळीच्या बुडबुड्यावर. दांडा एक अंश कलला, की खुंटी साडेतीन सेंटिमीटर हुकली.