घुमट तेच, सूर दोन

चवथीला गोव्यातल्या हिंदू घरात घुमट-शामेळ या तालवाद्यांवर आरती रंगते तेव्हा बायका, पुरुष, पोरं सगळे एकच चाल गातात. फार तर कुणी सप्तकभर वर, कुणी खाली. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत त्याच घुमटावर मांडो ही कोकणी गाणी गातात तेव्हा मात्र चाली दोन होतात. दुसरा आवाज पहिल्यापासून एक स्वर सोडून त्याच्या बरोबरीनं चालतो. एक सा-वर असेल तर दुसरा ग-वर, एक रे-वर गेला की दुसरा म-वर.

सा आणि ग इतके जुळतात कसे? समजा सा २४० हर्ट्झचा आहे. गळ्यातून नुसती २४० कंपनं कधीच निघत नाहीत. दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपटही सोबत निघतात. सा-ची पाचपट १२००. शुद्ध ग ३०० चा, त्याची चौपटही १२००. तिथे दोघांची गाठ पडते. खर्जाची तार नीट लागली की तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गांधार तो हाच. म्हणजे हे नातं आपल्या गवयांनाही ठाऊक होतं. त्यांनी ते तंबोऱ्यावर सोपवलं, दुसऱ्या गळ्याला दिलं नाही.

याउलट २४० च्या सा-शेजारी २५६ चा कोमल रे लावला तर सेकंदाला १६ ठोके पडतात, म्हणजे आवाज तितक्या वेळा कमी-जास्त होतो आणि खरखरतो. पण बल्गेरियाच्या शोप भागातल्या बायका असे लगतचे स्वर मुद्दाम एकत्र गातात. बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांचा अभ्यास २०१६ साली ‘नेचर’मध्ये आला. त्यांच्या गाण्यात एकावेळी अनेक सूर नसतात. जुळणाऱ्या आणि न जुळणाऱ्या स्वरजोड्या त्यांना सारख्याच आवडल्या. फरक कळत नव्हता म्हणून नव्हे. स्वर कुठे जुळतात ते भौतिकशास्त्र सांगतं, आवडायचं काय ते गाव शिकवतं.

गोव्यात ते चर्चच्या शाळांनी शिकवलं. तिथे पोरं स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकली, आणि एकोणिसाव्या शतकात सासष्टीतल्या ख्रिस्ती घरांत मांडो घडला. त्याला उसना म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. शब्द कोकणी, घुमट इथल्या मातीचं. बाहेरून आली ती दुसरा आवाज जोडायची रीत.

१९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांसोबत गेलेल्या तबकडीवर या दोन्ही रीती आहेत: गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची एकल भैरवी आणि जॉर्जिया देशातल्या पुरुषांचं बहुस्वरी ‘चाक्रुलो’. मांडोला तिथे जागा मिळाली नाही.