सायकल-भटकंती (इंदूर परिसर)

गावखेड्यांमधून जाणाऱ्या कमी वर्दळीच्या रस्त्यांनी दिवसभर रमतगमत सायकल चालवणे म्हणजे सायकल-भटकंती. पल्ला चाळीसपासून शंभर किलोमीटरपर्यंत कितीही असू शकतो; वेग मात्र ताशी १२ ते १६ किलोमीटरच्या पुढे सहसा जात नाही. फ्रान्समध्ये पॉल द विवी (१८५३–१९३०) यांनी ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने या प्रकाराचा आयुष्यभर पुरस्कार केला. भुकेआधी खावे आणि तहानेआधी प्यावे, हा त्यांचा सल्ला आजही कोणी मोडीत काढलेला नाही. ब्रेव्हे हा याच घराण्यातला शिस्तीचा प्रकार. त्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करावे लागतात आणि चहाला थांबले तरी घड्याळ चालूच राहते. भटकंतीत घड्याळ एकाच कामाचे, ते म्हणजे अंधार पडण्याआधी घर गाठण्याचे.

इंदूरहून निघताना अंतराच्या आधी दिशा ठरवावी लागते. शहर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. उत्तरेला सांवेर-उज्जैनकडे आणि पश्चिमेला हातोद-देपालपूरकडे जमीन हलक्या लाटांसारखी पसरलेली आहे. दक्षिणेला महूच्या पुढे मात्र विंध्याची कड येते आणि पठार एकदम निमाडात, म्हणजे नर्मदेच्या सखल खोऱ्यात, कोसळते. नकाशावर सारख्याच लांबीच्या दिसणाऱ्या दोन वाटा त्यामुळे पायांना अजिबात सारख्या वाटत नाहीत.

नवख्याने पश्चिमेलाच जावे. गंभीर नदी अडवून होळकरांच्या काळात शहराच्या पाण्यासाठी केलेला यशवंत सागर या बाजूला आहे. सिरपूर तलावासह त्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. तलावाकाठच्या शेतांत सारस क्रौंचांची जोडी दिसू शकते. माणसाएवढा उंच पक्षी सायकलीला फारसा बुजत नाही, मोटारीचे दार वाजले की मात्र उडतो. हातोदजवळच्या गुलावटला, तलावाच्या फुगवट्याच्या पाण्यात कमळांची शेती होते. सकाळी लवकर पोहोचले तर फुले उमललेली सापडतात. सुट्टीच्या दिवशी दहानंतर तिथे फुलांपेक्षा छायाचित्रे काढणारेच जास्त. शहरापासून हे अंतर साधारण २५ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन अर्ध्या दिवसाचे काम.

दक्षिणेची वाट सुंदर आहे आणि फसवीही. महूहून मंडलेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घाटाच्या माथ्याशी जाम दरवाजा उभा आहे. अहिल्याबाई होळकरांच्या कारकिर्दीत, १७९१ मध्ये तो बांधला गेला. दरवाजातून पाहिले की खाली निमाडचा पसारा दिसतो. इथून पुढे पायडल मारावे लागत नाही, आणि गोम तिथेच आहे. खाली नर्मदेकाठचे महेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे परतताना किमान ४०० मीटर चढायचे. माणूस, सायकल आणि सामान मिळून ९० किलो धरले तर निव्वळ त्या चढाला शरीराचे साडेतीनशेच्या आसपास किलोकॅलरी जातात. पोह्यांची एक चांगली भरलेली प्लेट त्यात संपते, आणि सपाटीचा खर्च वेगळाच. म्हणून ९० किलोमीटरवरच्या महेश्वरला सायकलने गेलेली बरीच शहाणी मंडळी तिथे मुक्काम करतात, आणि काही जण परतताना सायकल बसच्या टपावर टाकतात. त्यात कमीपणा काही नाही. उतारावर एकच ब्रेक दाबून धरू नये. दोन्ही ब्रेक आलटून-पालटून, सोडत-धरत वापरावेत. दांडीचे ब्रेक असलेली जुनी सायकल पावसात घाटात नेणे हा निव्वळ मूर्खपणा आहे.

खाली नर्मदाकाठी परकम्मावासी, म्हणजे नर्मदेची परिक्रमा करणारे, भेटतात. त्यांना ‘नर्मदे हर’ म्हटले की तसेच उत्तर येते, आणि पाठीमागे पिशव्या बांधलेला सायकलवाला पाहून गावकरी त्यालाही परिक्रमेतलाच समजून चहाला बोलावतात. गैरसमज दूर करूनही चहा मिळतोच.

वाऱ्याचा विचार चढाइतकाच करावा. हवेचा अडसर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे समोरून वारा असेल तर ताशी १५ चा वेग गाठतानाही दम लागतो. देवासजवळच्या जामगोदरानीच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात इथे पश्चिमेकडचा वारा जोर धरतो. अशा दिवसांत पहाटे वारा पडलेला असताना पश्चिमेला जावे आणि येताना तो पाठीशी घ्यावा. उलट केले तर दमलेल्या पायांना शेवटचे वीस किलोमीटर संपता संपत नाहीत.

ऋतू म्हणाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात सोयाबीन निघते आणि शेतकरी ते डांबरी रस्त्यावरच वाळत घालतात. कोरड्या शेंगांवरून चाक घसरते, तेव्हा उतरून चालावे, धान्यावरून सायकल नेणे तसेही बरे नव्हे. जानेवारीत गहू पोटरीला आलेला असतो, पण सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे साडेपाचला निघणाऱ्याला दिवा हवाच. फेब्रुवारीअखेर घाटात पळस फुलतो. पावसाळ्यात डांबर सोडून कच्च्या वाटेला लागू नये. इथली काळी माती ओली झाली की टायरला चिकटते, मडगार्डमध्ये ठासून बसते आणि चाक फिरायचेच थांबते. मग काडीने कोरत बसा. मडगार्ड काढून ठेवणाऱ्यांची पाठ चिखलाने रंगते, एवढाच फरक.

सायकल भारी असण्याची गरज नाही. जुन्या २८ इंची, बिनगिअरच्या सायकलीला पुढे ४४ दाते आणि मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर जाते. मिनिटाला ४५ फेरे म्हणजे ताशी जवळपास १५ किलोमीटर. भटकंतीला हा वेग पुरेसा आहे. घाटात जायचे तर गिअर हवेत. सीटची उंची मात्र हमखास चुकलेली असते. टाच पायडलवर ठेवली असता खालच्या टोकाला पाय सरळ झाला पाहिजे. पाय त्याआधीच टेकत असेल तर सीट बुटकी आहे आणि तिसाव्या किलोमीटरला गुडघे बोलू लागतात.

सोबत एक जादा ट्यूब, पंप, पाना आणि ठिगळाचे सामान असावे. शेतांच्या कडेला बाभळीचा काटा ठरलेला. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोटे हळूच फिरवून काटा शोधावा, नाहीतर नवी ट्यूबही शंभर मीटरवर बसते. ‘पंचर’ची पाटी प्रत्येक मोठ्या गावात दिसते, मात्र तिथला पंप पुष्कळदा फक्त मोटरसायकलच्या व्हॉल्वला बसणारा असतो. कुत्री मागे लागली तर जोर काढून पळू नये. उतरून सायकल मध्ये धरली की बहुतेक कुत्र्यांचा उत्साह ओसरतो. त्यांचे भांडण फिरणाऱ्या चाकाशी असते.

खाण्याची पद्धत घरोघरी वेगळी. रामबाग-लोकमान्यनगरकडची मराठी मंडळी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ बांधून निघतात, आणि तो डबा बहुधा न उघडता दुपारी परत येतो. पहिल्याच फाट्यावर वाफेवरचे पोहे, वर शेव आणि जिरावण हा इंदुरी मसाला, शेजारी जिलबी अशी टपरी लागते. सकाळी हे चालते. दाल-बाफले (डाळ आणि उकडून भाजलेले कणकेचे गोळे) मात्र पल्ला संपल्यावरच खावेत: तुपात बुडवलेले दोन बाफले पोटात गेले की झाडाखाली सतरंजी शोधली जाते आणि सायकल तिथेच स्टँडवर राहते.